तीस पावलं: घटनास्थळ मोजण्याची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात दोन शब्दांनी करतो. तीस पावलं.

माझ्या मामाच्या बाईकला काही वर्षांपूर्वी अपघात झाला. मामा वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. भरपाईचा दावा दाखल केला तेव्हा मी इंजिनीअरिंगला होतो, त्यामुळे कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. स्पॉट पंचनाम्यात लिहिलं होतं: समोरच्या कारच्या ब्रेकच्या खुणा 'अंदाजे तीस पावलं'. सोबत हाताने काढलेला नकाशा. दोन रेघा म्हणजे रस्ता, चौकोन म्हणजे कार, फुली म्हणजे मामा.

आता मला सांगा, पावलं कोणाची? हवालदाराची की पंचाची?

हा काही किस काढणं नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतर घसरली यावरून तिचा किमान वेग काढता येतो. बारावीचं फिजिक्स आहे. कोरडा डांबरी रस्ता, घर्षणांक ०.७ धरा. पाऊल ६० सेंटीमीटरचं असेल तर तीस पावलं म्हणजे १८ मीटर, आणि वेग येतो ताशी साधारण ५७ किलोमीटर. पाऊल ८० सेंटीमीटरचं असेल तर २४ मीटर, वेग ६५. म्हणजे ६०ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर, उंच माणसाने मोजलं तर ड्रायव्हर दोषी आणि बुटक्याने मोजलं तर निर्दोष!

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न आहे. घटनास्थळ नीट मोजायचं कसं, हे माणूस शिकला कधी? उत्तर शोधत गेलो आणि थेट १८५८ सालात पोचलो.

जर्मनीतलं वेट्झलार गाव. आल्ब्रेख्त मायडेनबाउअर नावाचा २४ वर्षांचा इंजिनीअर तिथल्या जुन्या कॅथेड्रलची मापं घेत होता. परातीचा खर्च वाचवायला तो मनोऱ्यावर चढून काम करायचा, आणि एक दिवस वरून पडता पडता थोडक्यात वाचला. खाली उतरताना त्याच्या मनात आलं, की इमारतीवर चढून मोजण्याऐवजी तिच्या फोटोवरच मोजलं तर? दोन वेगवेगळ्या जागांवरून फोटो काढायचे, आणि दोन्हीत दिसणाऱ्या एकाच बिंदूकडे जाणाऱ्या रेषा जिथे छेदतील तिथे तो बिंदू. या विद्येला १८६७ मध्ये नाव मिळालं, फोटोग्रामेट्री. आणि गंमत बघा, त्याच १८५८ मध्ये नादार नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने फुग्यात बसून पॅरिसजवळ आकाशातून पहिला फोटो काढला. म्हणजे ड्रोन मॅपिंगचे दोन्ही अर्धे भाग एकाच वर्षी जन्मले. ते एकत्र येऊन पोलिसांच्या हातात पडायला मात्र जवळपास दीडशे वर्षं गेली.

मधल्या काळातला मोठा माणूस म्हणजे पॅरिस पोलिसांचा आल्फॉन्स बर्टिलाँ. याला मोजण्याचं वेडच. गुन्हेगारांची डोकी, कान, बोटं मोजून ओळख पटवायची पद्धत त्याचीच. १९००च्या आसपास त्याने घटनास्थळाचे फोटोही मोजता येतील असे काढायला सुरुवात केली. उंच तिपाईवर कॅमेरा, लेन्स थेट खाली, मृतदेहाच्या बरोबर वर. फोटो ज्या कार्डावर चिकटवायचा त्याच्या कडेला मापाच्या खुणा छापलेल्या. कोर्टात कोणीही त्या खुणांवरून अंतर काढू शकायचं. आजचा ड्रोन नेमकं हेच करतो. फक्त तिपाईचे पाय गेले.

पण बर्टिलाँची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. १८९४ मध्ये फ्रेंच सैन्यातला ज्यू अधिकारी आल्फ्रेड ड्रेफस याच्यावर हेरगिरीचा खटला चालला. पुरावा काय, तर एक हस्तलिखित कागद. बर्टिलाँ हस्ताक्षरतज्ज्ञ नव्हता, तरी साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, अक्षर ड्रेफसचंच. जिथे जुळत नव्हतं तिथे त्याचं म्हणणं, ड्रेफसने स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली आहे! त्यासाठी कागदावर जाळी आखून मोजमापं, आकडेमोड, सगळं. निर्दोष माणूस डेव्हिल्स आयलंडच्या काळ्या पाण्यावर गेला. १९०४ मध्ये आंरी प्वांकारेसह तीन गणितज्ञांनी ती आकडेमोड तपासली आणि तिला काहीही शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरला.

म्हणजे आकडा अचूक दिसला म्हणून तो खरा असतोच असं नाही. तो दुसऱ्याला तपासता यायला हवा. हे लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

बर्टिलाँनंतर बराच काळ जगभरच्या पोलिसांची मुख्य हत्यारं म्हणजे टेप, चाकाचं मीटर आणि कागद. पुढे टोटल स्टेशन आलं. रस्त्याच्या कामावर तिपाईवरच्या पिवळ्या यंत्रात डोळा घालून उभे असलेले लोक बघितलेत ना? तेच. मोजणी अचूक, पण एका वेळी एक बिंदू, त्यामुळे दोन-तीन तास सहज जातात. तोवर रस्ता बंद, आणि मागे तुंबलेल्या गाड्यांत नवा अपघात होण्याची भीती.

ड्रोनने हे बदललं. कॅनडात ओंटारिओ प्रांताच्या पोलिसांनी २००७ पासूनच असे प्रयोग सुरू केले होते. अमेरिकेत इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठाने स्थानिक पोलिसांसोबत काम केलं, तेव्हा अपघाताची जागा ५ ते ८ मिनिटांत टिपता येऊ लागली.

आतलं तंत्र सांगतो, कारण माझा जीव तिथेच रमतो. ड्रोन घटनास्थळावर ओळीने फिरत फोटो काढतो, पण प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ७०-८० टक्के भाग पुन्हा यायला हवा. मग सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतले ठळक बिंदू शोधतं: काचेचा तुकडा, पट्ट्याचा कोपरा, डांबरातली भेग. तोच बिंदू दुसऱ्या फोटोत ओळखायची एक गाजलेली रीत डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडली. असे हजारो बिंदू जुळले की कॅमेरा कुठे कुठे होता ते कळतं, रेषा छेदतात आणि रस्त्याचं थ्रीडी मॉडेल उभं राहतं. म्हणजे मायडेनबाउअरचीच भूमिती, फक्त अफाट वेगाने.

पण यात एक मेख आहे. नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप कळत नाही. खरी कार आणि खेळण्यातली कार, सॉफ्टवेअरला दोन्ही सारख्याच. म्हणून जमिनीवर ठरावीक अंतरावर खुणेच्या पाट्या ठेवाव्या लागतात, किंवा अचूक जीपीएस जोडावं लागतं. त्यात चूक झाली तर मॉडेल दिसेल झकास आणि प्रत्येक अंतर चुकीचं. शिवाय ड्रोनला ट्रकच्या खाली दिसत नाही, झाडाआड दिसत नाही, आणि चकचकीत काचा, बॉनेट यांच्यावर बिंदू नीट जुळत नाहीत.

आता आपल्याकडे या. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारी आकडा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ नुसार, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आणि व्हिडिओ करायचा. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. छान वाटलं ना? पण हयगयीने गाडी चालवून कोणाचा जीव गेला, तर न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली शिक्षा जास्तीत जास्त पाच वर्षं. म्हणजे रस्त्यावरचे बहुतेक मृत्यू या सक्तीच्या बाहेरच राहतात. मामासारखे जखमी तर लांबच. त्यांच्या वाट्याला अजून पावलंच.

मला वाटतं, ड्रोन यायलाच हवा. पण पंचनाम्यामागची कल्पना सोडून नाही. ती कल्पना काय होती? पोलीस म्हणतात म्हणून नाही, तर चार परक्या माणसांनी पाहिलं म्हणून खरं मानायचं. तोच नियम ड्रोनला लावा. मूळ फोटो जसेच्या तसे जपा, पाट्यांची मापं लिहून ठेवा, आणि हे सगळं दुसऱ्या बाजूच्या वकिलालाही द्या. त्याने दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघावं. अंतर तेवढंच आलं तर तो पुरावा. नुसतं रंगीत थ्रीडी चित्र दाखवून 'कॉम्प्युटर म्हणतो' असं सांगणार असाल, तर तो बर्टिलाँच परत आला समजा.

मामाच्या दाव्यात शेवटी तडजोड झाली. ती पावलं कोणाची होती, ते आम्हाला कधीच कळलं नाही. रस्ता पुढे रुंद झाला, नवं डांबर पडलं. आता मोजायलाही काही उरलेलं नाही.

चला, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरात असा एखादा जुना पंचनामा असेल तर काढून बघा, अंतरं कशात लिहिली आहेत ते. मीटरमध्ये, की पावलांमध्ये? भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला!