फॉगच्या बंदरातील अनुल्लेखित बेट

ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराची ऐंशी दिवसांतील पृथ्वीप्रदक्षिणेची कथा १८७२ च्या अखेरीस पॅरिसच्या एका दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली व १८७३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिचा नायक फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी दुपारी साडेचार वाजता मुंबईच्या धक्क्यास लागतो व रात्री आठच्या गाडीने कलकत्त्यास निघतो. मुंबईच्या इतिहासाचे साधन म्हणून या कथेवर कितपत विसंबावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

बोट बंदरात शिरते तेव्हा व्हर्न चार बेटे सांगतो: साल्सेट, कुलाबा, एलिफंटा व बुचर. पहिली दोन नावे म्हणजे स्थानिक नामांची युरोपीय मुखांतून घडलेली रूपे होत. साल्सेट हे आपल्या साष्टीचेच रूप. उरलेली दोन परकीयांनी ठेवलेली. घारापुरीस तेथील दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी एलिफंटा म्हटले. बुचर म्हणजे आजचे जवाहर द्वीप. या मालिकेत ट्रॉम्बे, म्हणजे तुर्भे, नाही. यादी संपूर्ण असल्याचा लेखकाचा दावा नाही, हे खरे. तथापि बुचर हे चिमुकले बेट. त्याच्या उत्तरेस तुर्भ्याचा डोंगर सुमारे ३०० मीटर उंच उभा आहे. बोटीवरून पाहणाऱ्याच्या नजरेत आधी तो भरावयाचा. व्हर्न तर हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. ही नावे नकाशावरून वा ग्रंथांतून घेतली असावीत, या अनुमानास त्यामुळे बळकटी येते.

लोहमार्गाची गोष्ट मात्र निराळी आहे. मुंबई व कलकत्ता यांकडून येणारे मार्ग जबलपूर येथे मार्च १८७० मध्ये जोडले गेले. व्हर्नला ही वार्ता ठाऊक होती. कथेतील पैजच मुळी हा मार्ग खुला झाल्याच्या वृत्तावर उभारलेली आहे, व मुंबई ते कलकत्ता या टप्प्यास तीन दिवस धरलेले आहेत. असे असूनही खोल्बी नामक ठिकाणी रूळ संपतात, पुढील सुमारे पन्नास मैल बांधावयाचे राहिलेले असतात आणि फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. वेळापत्रक बिनचूक चालले असते तर बुंदेलखंडातील साहसास जागाच उरली नसती.

तेव्हा एकाच ग्रंथातील या दोन उणिवांची जात भिन्न आहे. तुर्भे गळले ते दूर बसून लिहिल्यामुळे. पन्नास मैल गळले ते जाणूनबुजून, कथेच्या गरजेपोटी. पहिली उणीव युरोपातील वाचकास आपला किनारा कसा व कितपत ठाऊक होता हे सुचविते. दुसरी कथारचनेविषयी सांगते, रेल्वेविषयी काहीच सांगत नाही. हा भेद न पाहता कादंबरीच्या आधारे १८७२ मधील लोहमार्ग अपुरा होता असे लिहिणारा इतिहासकार फसेल. आणि नुसती मनोरंजक म्हणून ती बाजूस सारणारा एका उपयुक्त पुराव्यास मुकेल.