घोडनदीचे खोगीर आणि दुचाकीची कमान

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या राजरस्त्यावर, घोड नदीच्या काठी वसलेल्या शिरूर गावाला परगावचे लोक कालपरवापर्यंत घोडनदी याच नावाने ओळखीत. नाव नदीचे खरे. परंतु घोड्यांचा आणि या गावाचा जो खरोखरीचा संबंध जडला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजांची छावणी येथे पडली तेव्हा.   १३ जून १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांनी जो तह लिहून घेतला, त्यातील कलमान्वये पेशव्यांच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली पाच हजार घोडदळ ठेवावयाचे ठरले, आणि त्यातून ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ या नावाचे जे पथक उभे राहिले त्याचे ठाणे पुढे दीर्घकाळ शिरूरलाच होते.

हे पथक शिलेदारी पद्धतीचे होते. बारगीर सरकारी घोड्यावर बसे आणि शिलेदार स्वतःच्या. घोडा, खोगीर, लगाम, हत्यार हा सारा सरंजाम त्याने पदरचा आणावा आणि सरकारने त्याला ठरावीक तनखा द्यावा, असा तो करार. साहजिकच घोडा हे शिलेदाराचे भांडवल असे, आणि लांबच्या कूचीत घोड्याची पाठ लागली म्हणजे त्या भांडवलाचे तत्क्षणी दिवाळे वाजे. म्हणून स्वार, खोगीर, हत्यारे, दाणा, कांबळे आणि पाण्याची पखाल मिळून पाठीवर येणारा दोन-तीन मणांचा भार कण्यावर न टेकता दोन्ही बाजूंच्या फासळ्यांवर कसा विभागला जाईल, नमदा किती जाड घालावा, भरती कोठे वाढवावी आणि कोठे काढावी, तंग किती ओढावा, याचा विचार त्याला रोज, प्रत्येक मुक्कामावर करावा लागे. शेजारच्या भीमथडीची, म्हणजे आजच्या दौंड-बारामतीकडची, तट्टे उंचीने बेताची पण काटक. महाराष्ट्राच्या राज्यगीतात स्थान मिळालेल्या या जातीची अलीकडे स्वतंत्र देशी वाण म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली आहे. अशा बेताच्या जनावरावर धिप्पाड स्वार बसला तर खोगीर वेगळे बांधावे लागे आणि शिडशिडीत स्वार बसला तर वेगळे. घोडा एकच, पण स्वार बदलला की बांधणी बदलली. हे व्यवहारज्ञान छावणीतल्या खोगीर शिवणाऱ्याला होते आणि स्वारालाही होते, आणि ते कोणी कोणाला पुस्तकातून शिकविले नव्हते.

भीमेकाठच्या दौंडचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. १८५८ साली पुण्याहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग दौंडवरून पुढे सरकला, आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू होताच हे गाव जंक्शन झाले. स्थानकाकडे धान्य आणि गूळ वाहून नेणाऱ्या गाडीवानाला वजनाचे शास्त्र तोंडपाठ असावे लागे: बोजा मागे गेला तर गाडी उलाळ होते आणि बैलांच्या गळ्याला जोते आवळते, पुढे आला तर सारा भार मानेवर बसून खांदे येतात. वाफेच्या इंजिनांच्या काळात तोच विचार लोखंडात उतरला होता. प्रत्येक चाकावर ठरल्याइतकेच वजन पडावे म्हणून कमानपाट्यांच्या लोंबत्या दांड्यांवरील नट फिरवून ते कमी-अधिक करण्याची सोय इंजिनाच्या सांगाड्यातच असे. बैलांच्या मानेची काळजी आणि रुळांची काळजी यांत, माझ्या मते, जातीचा फरक नाही.

दुचाकीकडे वळताना मात्र या परंपरेचा धागा काही काळ तुटल्यासारखा दिसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने निकालात काढलेल्या ज्या मोटारसायकली लिलावांतून लोकांच्या हाती आल्या, त्यांतील बी. एस. ए. एम-२० सारख्या गाड्यांच्या मागच्या चाकाला कमान म्हणून नव्हतीच. चाक थेट सांगाड्यात जखडलेले, आणि स्वाराच्या हाडांचे रक्षण करावयाचे ते फक्त चामडी खोगिराखालच्या दोन गुंडाळ्यांनी. पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, लोखंडी पट्ट्यांचा आणि मध्ये एक स्प्रिंग. जर्मनीत बी. एम. डब्ल्यू.ने १९३५ सालीच तेलाने दबणारा दुर्बिणीच्या नळीसारखा चिमटा बाजारात आणला होता; पण युद्धाने निकड पाहिली, सुख पाहिले नाही. युद्ध संपल्यावर चित्र झपाट्याने पालटले. १९४९ च्या रॉयल एनफिल्ड बुलेटमध्ये मागचे चाक बिजागरीवर खालीवर होणाऱ्या हातावर बसविलेले होते आणि त्या हाताला दोन्ही बाजूंनी शॉकअप जोडलेले होते. १९५५ पासून हीच गाडी मद्रासेत जुळविली जाऊ लागली.

याच सुमारास एक प्रश्न, जो शिलेदाराला कधी पडलाच नव्हता कारण त्याचे उत्तर त्याच्या हातात होते, तो कारखानदारांना पडला: स्प्रिंग कोणासाठी बसवावयाची? फिल अर्व्हिंग या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने वेलोसेट कंपनीसाठी त्याचे फार सुरेख उत्तर शोधले. शॉकअपचे वरचे टोक त्याने सांगाड्यावरील एका वक्र खाचेत बसविले, म्हणजे बोल्ट सैल करून ते टोक पुढेमागे सरकविले की शॉकअपचा कल बदलावा आणि त्याबरोबर मागची कमान स्वाराच्या, किंवा स्वार नि जोडीदार यांच्या, वजनाला साजेशी नरम वा कठीण व्हावी; १९५३ च्या सुमारास ही योजना विक्रीच्या गाड्यांत आली. पण जगाने पत्करली ती दुसरी, स्वस्त युक्ती. शॉकअपच्या बुडाशी एक कडी, तिच्या काठावर पायऱ्यांसारख्या तीन किंवा पाच खाचा, आणि ती फिरविण्यासाठी आकडेदार पाना. कडी एक खाच वर चढविली की स्प्रिंग आधीच थोडी अधिक दाबली जाते आणि गाडी मागून उचलली जाते. आज शिरूर-दौंडच्या रस्त्यांवरील बहुतेक गाड्यांना हीच सोय आहे.

या कडीविषयी एक समज इतका रूढ आहे की तो येथे खोडून काढणे मला कर्तव्य वाटते. कडी चढविल्याने स्प्रिंग कठीण होत नाही. तिची तार, तिचे वेढे, तिचा स्वभाव जसाच्या तसा राहतो; बदलते ती फक्त ती दबू लागण्याची जागा. अर्व्हिंगची खाच आणि ही कडी यांतला मूलभूत भेद तो हाच. ज्या वजनाला मुळात जाड तारेचीच स्प्रिंग हवी, त्याला कडीच्या साऱ्या खाचा चढवूनही न्याय मिळत नाही.

आपल्याकडे गाड्या बनू लागल्या त्या काळी परवाने आणि परदेशी चलन यांची टंचाई होती. १९६१ मध्ये म्हैसूरला जावा, त्यापाठोपाठ फरिदाबादला राजदूत, त्याच दशकाच्या आरंभी आकुर्डीला बजाजची स्कूटर, आणि १९७२ साली घोडनदीपासून फार लांब नसलेल्या नगरमध्ये फिरोदियांची लुना. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि दाराशी आलेल्या गाडीची कमान आपल्या वजनाला जुळते की नाही हे विचारण्याचे धारिष्ट कोणाला होणार? कारखान्यालाही कोणीतरी एक माणूस गृहीत धरावाच लागतो. चाचणीच्या नियमांत गाडीच्या वजनात स्वाराचे म्हणून ७५ किलो मिळविण्याचा प्रघात आहे. हा ७५ किलोंचा मनुष्य सरकारी दफ्तरात अजरामर आहे. वाघोली ते शिरूर आणि पाटस ते दौंड या रस्त्यांवर तो कोणाला भेटल्याचे ऐकिवात नाही. तेथे ५२ किलोंचा कॉलेजकुमार आणि ९८ किलोंचा तालमीतला गडी एकाच बनावटीच्या गाडीवर, एकाच खाचेवर कडी ठेवून हिंडत असतात.

या मुलखात कमानीची खरी परीक्षा घेतली ती दुधाने. धरणे आणि कालवे यांच्या पाण्याने भीमेच्या आणि घोडच्या काठी ऊस वाढला, उसाबरोबर वाढे आले, वाढ्यांबरोबर संकरित गाई आल्या, आणि १९७० नंतरच्या दूध महापूर योजनेच्या काळात संकलन केंद्रांचे जाळे गावोगाव पसरले. वाडीवस्तीवरून केंद्रापर्यंत दूध पोचवावयाचे काम सायकलीकडून राजदूतकडे आणि पुढे बजाजच्या एम-८० कडे आले. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक लिटर दूध एक किलोहून थोडे अधिक भरते. चाळीस लिटरचे दोन कॅन, त्यांचे स्वतःचे पत्र्याचे वजन आणि ते अडकविण्याचा लोखंडी सांगाडा धरून मागच्या चाकावर शंभर किलो सहज पडतात. एकट्या स्वाराच्या वजनाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग मागच्या चाकावर येतो असे धरले, तर पंच्याहत्तरीच्या स्वाराचे चाळीस-पंचेचाळीस किलो. म्हणजे भरल्या कॅनांनिशी मागच्या कमानीवर तिपटीहून अधिक बोजा, आणि तोही पहाटे, बहात्तरच्या दुष्काळी कामांवर खडी फोडून केलेल्या आणि नंतर ठिकठिकाणी उखडलेल्या रस्त्यांवरून.

मेस्त्रींनी यावर आपल्या परीने उपाय काढले. मागे जाड तारेची स्प्रिंग, दोन वेढ्यांच्या मध्ये कोंबलेला रबराचा तुकडा, पुढच्या चिमट्याच्या टोपणाखाली वॉशर किंवा नळीचा कापलेला तुकडा, आणि फोर्कमध्ये थोडे घट्ट ऑइल. ‘शॉकअप बसलं’ ही तक्रार घेऊन आलेला गवळी त्यांना रोजचा होता आणि त्याचे काम त्यांनी चोख केले. शिलेदारांच्या गावात ही विद्या पुन्हा उगवावी याचे मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते याचे, की ती फक्त बोजासाठी उगवली. कॅन केंद्रावर रिते करून परतणारा तोच गवळी त्याच कमानीवर, कडी शेवटच्या खाचेत ठेवून, दाण्यागत उडत घरी येई. स्प्रिंग त्याच्या एकट्याच्या वजनाने दबतच नसे, आणि तेलाचा दाब जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा असल्यामुळे तिची उसळी आवरणारे कोणी नसे. सुटलेल्या खडीवर मागचे चाक जमीन सोडी आणि ब्रेक लागत नसे. गाडीवरचे दूध मापले जात होते, माणूस मापला जात नव्हता.

वास्तविक हे मापन फारसे कठीण नाही, आणि त्याला एक टेप, खडू आणि दोन सोबती पुरतात. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी असताना आसाच्या मध्यापासून बरोबर वर सीटखालील एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. मग गाडी जमिनीवर उतरवून, एकाने हँडल सांभाळीत, स्वाराने नेहमीच्या कपड्यांनिशी, पाय पायऱ्यांवर ठेवून बसावे आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. या दोहोंतील फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या चतुर्थांश ते तृतीयांश असावा, म्हणजे साधारण ९० मिलिमीटर हालचालीच्या गाडीला २२ ते ३० मिलिमीटर. कमी भरला तर कडी एकेक खाच उतरवावी, अधिक भरला तर चढवावी. आणि शेवटच्या खाचेवरही तो तृतीयांशाहून अधिकच राहिला, तर कडीचा नाद सोडून स्प्रिंग बदलावी. दोन्ही बाजूंच्या कड्या एकाच खाचेवर असाव्यात, हे सांगावयास नको असे वाटते. परंतु गॅरेजासमोर उभ्या असलेल्या गाड्यांकडे वाकून पाहिले म्हणजे ते सांगणे भाग पडते.

अलीकडे नव्या गाड्यांत दोन शॉकअपांच्या जागी एकच, सीटखाली दडलेला शॉकअप येऊ लागला आहे. त्याच्या कडीला सात-सात खाचा असल्या तरी तिच्यापर्यंत पाना पोचविण्यासाठी पुष्कळदा बाजूचे पत्रे खोलावे लागतात, आणि दौंडच्या उसाच्या शिवारातून हिंडलेल्या गाडीची ती कडी चिखलाने नि गंजाने इतकी धरलेली असते की फिरविण्यापूर्वी तिला रात्रभर डिझेल पाजून ठेवावे लागते.