हुंड्यातला किल्ला

शुक्रवारी दुपारी आईचा फोन आला, नेमका मीटिंग चालू असताना. "उद्या येतोयस ना? रविवारचं ठरलंय." काय ठरलंय ते विचारायची गरज नव्हती. बायोडाटा तीन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर पडून होता आणि मी त्यातला फक्त फोटो बघितला होता. "तुम्ही ठरवा, मला चालेल," असं म्हणून मी फोन ठेवला. हे 'तुम्ही ठरवा' मी गेली दोन वर्षं म्हणतोय. आईला ते आज्ञाधारकपणाचं वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

शनिवारी नेहमीचीच वारी. वाघोलीला तासभर अडकलो, शिरूरला चहा, सुप्याच्या पुढे डोळा लागला आणि माळीवाड्याला उतरलो. सरकारदरबारी २०२४ पासून आमचं गाव अहिल्यानगर झालंय, पण कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो आणि आजीही त्याच्याच पार्टीत आहे. असो.

घरी बातमी थांबलेली होती. मुलीकडून निरोप आला होता: घरी पोह्यांचा कार्यक्रम नको, आम्ही दोघं सकाळी चांदबीबी महालावर भेटतो. आईचा चेहरा बघण्यासारखा होता. चार नारळ आणून ठेवले होते तिने. बाबा पेपरच्या आडून हसत होते. संध्याकाळी दिल्ली गेटजवळ चहाला मित्र जमले, त्यांनी तर याचं पार ब्लाइंड डेट करून टाकलं. "पहिलं पॅकेज सांगू नको लेका, आधी इतिहास बोल. महालावर बोलावलंय म्हणजे परीक्षाच आहे." परीक्षा म्हटल्यावर इंजिनिअर काय करणार? आदल्या रात्री अभ्यास! बाबांच्या कपाटातून नगरच्या इतिहासाची पुस्तकं काढली आणि रात्री दीडपर्यंत बसलो.

चांदबीबी म्हटलं की आपल्याला एवढंच आठवतं: मोगलांचा वेढा, सुरुंगाने उडालेला तट आणि रातोरात ते खिंडार बुजवून घेणारी बाई. ते खरंच आहे. १५९५ च्या शेवटी अकबराचा मुलगा मुराद नगरच्या किल्ल्यापुढे येऊन बसला, आणि १५९६ मध्ये वऱ्हाडावर समाधान मानून त्याला तह करावा लागला. पण त्या रात्री माझं लक्ष अडकलं ते तिच्या लग्नात.

गोष्ट सुरू होते तिच्या आजोबांपासून. १५२४ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाचं लग्न विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी, मरियमशी झालं. बोलणी सोलापुरात झाली आणि सोलापूरचा किल्ला हुंड्यात द्यायचं ठरलं. लग्न लागलं, नवरी नगरला आली, किल्ला काही आला नाही. असं काही ठरलंच नव्हतं, असं विजापूरकर म्हणू लागले. (आपल्याकडे यादीवर सह्या का घेतात ते आता कळलं.) या एका किल्ल्यापायी दोन्ही राज्यं पुढची चाळीस वर्षं अधूनमधून लढत राहिली. कधी सोलापूर यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे.

बुऱ्हाणचा मुलगा हुसेन निजामशहा. नगरच्या मातीच्या किल्ल्याला दगडी तट घातला तो याने. त्याच्या काळात विजयनगरचा रामराय आदिलशहाला आणि कुतुबशहाला बरोबर घेऊन नगरवर चालून आला, मुलूख उजाड झाला. रामरायाचं गणित सोपं होतं. सुलतान आपसात भांडत असले की त्याला कुणाचीच भीती नव्हती. मग उपाय काय? भांडण मिटवायचं. आणि ते मिटवायला त्या काळी एकच खात्रीचा करार होता.

तर १५६४ च्या सुमारास हुसेनने मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली. बरोबर हुंडा कसला? तोच, सोलापूरचा किल्ला! अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तजाला दिली. दुसरी मुलगी जमाल बीबी आधीच गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहाला दिलेली होती. म्हणजे डेक्कनचं सगळं नेटवर्क मुलींच्या पाठवणीवर उभं. आणि ते चाललं. २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटच्या लढाईत बिदरच्या बरीदशाहीसकट सगळे एका बाजूने लढले, रामराय मारला गेला, विजयनगर लुटलं गेलं. आपण शाळेत ही लढाई सनावळीसकट पाठ केली. तिच्या मुळाशी दोन-तीन लग्नं होती, हे कुणी सांगितलंच नाही.

चांदबीबी तेव्हा असेल चौदा-पंधरा वर्षांची. किल्ला कुठला द्यायचा याची चर्चा इतिहासात सापडते. तिला काय वाटलं याची नाही.

रविवारी मित्राची बाईक घेऊन पाथर्डी रस्त्याने निघालो. दहा-बारा किलोमीटरवर शहा डोंगर, वर ती अष्टकोनी तिमजली इमारत, आणि वारा असा की बोललेलं उडून जावं. ती आधीच आलेली होती. आर्किटेक्ट आहे, हे बायोडाट्यात होतं म्हणे. कॉलेजात असताना तिने याच इमारतीची मोजमापं घेतली होती.

"हा चांदबीबीचा महाल नाही, माहितीये ना?"

अभ्यास कामी आला. "माहितीये. सलाबतखानाची कबर आहे. मुर्तजा निजामशहाचा वजीर."

"बरं," ती म्हणाली. "पुण्यात किती वर्षं आहात?"

"सहा."

"मग भारत इतिहास संशोधक मंडळात चांदबीबीच्या आईचं चित्र बघितलं असेल."

नव्हतं बघितलं. खरं तर असं काही आहे हेच माहीत नव्हतं. मग तिने सांगितलं. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं एक फारसी काव्य आहे, 'तारीफ-इ-हुसेनशाही'. ती सचित्र पोथी पुण्यात मंडळाकडे आहे. त्यातल्या चित्रांत हुसेनच्या शेजारी त्याची राणी खुंजा हुमायूँ बसलेली होती. 'होती' म्हणायचं, कारण बहुतेक चित्रांत तिच्यावर नंतर कुणीतरी रंग फासलाय. नवरा गेल्यावर मुर्तजाच्या नावाने हीच राज्य चालवत होती. पुढे मुलानेच तिला कैदेत टाकलं. सत्ता गेली, आणि चित्रातूनही तिला काढायचा प्रयत्न झाला.

"आणि मुलीचं तेच," मी म्हणालो. १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला, तेव्हा चांदबीबी लहानग्या पुतण्याच्या नावाने विजापूरचा कारभार बघू लागली. तिथल्याच एका सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं. सुटली, पुढे माहेरी आली, माहेर वाचवलं. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले तेव्हा ही किल्ला देऊन टाकणार अशी अफवा उठली, आणि आपल्याच लोकांनी तिला मारलं.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. खाली नगर पसरलेलं दिसत होतं. मग तिने सरळ विचारलं, "तुम्हाला इथे यायचं होतं, की पाठवलं म्हणून आलात?"

खोटं बोलता आलं असतं. "पाठवलं म्हणून आलो," मी म्हणालो. "मी घरी सांगितलं होतं, तुम्ही ठरवा."

"मला 'तुम्ही ठरवा' म्हणायची सोय नाहीये," ती म्हणाली. रागाने नाही, साधंच. "माझ्या घरी ते ठरवूनच टाकतात. म्हणून इथे बोलावलं. निदान जागा तरी मी ठरवली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुलतानांच्या काळाला नावं ठेवत मी रात्री दीडपर्यंत जागलो होतो, आणि स्वतः मात्र निवांतपणे सगळा भार दुसऱ्यांवर टाकून बसलो होतो. पटलं तर त्यांचं, फसलं तरी त्यांचंच. यात आज्ञाधारकपणा कमी आणि भित्रेपणाच जास्त होता.

खाली उतरून टपरीवर चहा घेतला. पैसे तिने दिले.

घरी आलो तर आई दारातच. "काय मग? आवडली का? त्यांना संध्याकाळी फोन करून काय सांगू?"

"तू नको करू," मी म्हणालो. "मीच करतो. आणि आधी तिला, मग तिच्या घरी."

आई बघतच राहिली. बाबांनी पेपर खाली ठेवला. आजीने मात्र सरळ मुद्द्याला हात घातला, "अरे, पण नारळांचं काय करायचं?"

पुढच्या शनिवारी गावी जाणार नाहीये. मंडळात त्या पोथीची चौकशी करायचीये. एकटा जाणार नाही, एवढंच सांगतो.