हाडांची साक्ष: वय आणि इजा

सातपुड्याच्या पायथ्याशी तेल्हारा तालुक्यात वसलेल्या हिवरखेडसारख्या वऱ्हाडी गावांत जन्माची नोंद पूर्वी कोतवाल बुकात होत असे. परंतु त्या नोंदीत बहुधा पित्याचे नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असल्यामुळे पुढे एखाद्या बालकाचे वय सिद्ध करणे अवघड जाई. बालविवाहास आळा घालणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० रोजी लागू झाल्यावर वयाचा हा प्रश्न अधिक टोकदार झाला, आणि भारतीय न्यायालयांत क्ष-किरण चित्राचा बालकाशी जो संबंध जुळला तो मुख्यतः याच प्रश्नातून जुळला. कूर्चेचे हाडात रूपांतर होऊन हाडांची टोके ठरावीक वयात मूळ हाडाशी सांधली जातात, या क्रियेला अस्थिभवन म्हणतात, आणि क्ष-किरण चित्रात ते कितपत झालेले दिसते यावरून वयाचा अंदाज बांधतात. भारतीयांमधील तिचा क्रम गाल्स्टॉन यांनी १९३७ मध्ये मांडला. तथापि या अंदाजात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या जयमाला प्रकरणात मान्य केले, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने शाळेचा व जन्माचा दाखला नसेल तेव्हाच ही चाचणी करावी असे ठरवले.

पाश्चात्त्य देशांत त्याच चित्राला दुसरा, अधिक वेदनादायक प्रश्न विचारला गेला. न्यूयॉर्कचे जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेल्या सहा तान्ह्या मुलांच्या हातापायांच्या लांब हाडांत २३ अस्थिभंग दाखवले, ज्यांचे कारण घरच्यांच्या हकिकतीत सापडत नव्हते; १९६२ मध्ये हेन्री केंप व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा इजांमागील मारहाणीला उघडपणे नाव दिले. मणक्यालगत मोडलेल्या बरगड्या, लांब हाडाच्या वाढत्या टोकाचा तुटलेला कोपरा, आणि एक भंग ताजा तर दुसऱ्यावर नवे हाड धरलेले, ही त्यातली बोलकी चिन्हे होत. मात्र मुडदूस किंवा हाडे ठिसूळ करणारा जन्मजात विकार वगळल्याखेरीज आईबापांवर ठपका ठेवणे हा दुसरा अन्याय ठरेल.

हिवरखेडच्या उत्तरेस मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटफुगीवर तापलेल्या लोखंडाचा 'डंबा' देण्याची जी प्रथा आहे, तिच्यामागे क्रौर्य नसून बाळ वाचावे ही तळमळ असते, तरी यातना बाळालाच भोगाव्या लागतात. हा चटका कातडीवर दिसतो, म्हणून त्याची बातमी होते. मोडलेल्या बरगडीची खूण मात्र कातडीवर कित्येकदा उमटतही नाही. दोन वर्षांखालील बालकाबाबत संशय असल्यास डोक्यापासून पायापर्यंत सर्व हाडांची चित्रे घ्यावी लागतात, आणि ताजा भंग पहिल्या चित्रात निसटू शकत असल्याने सुमारे दोन आठवड्यांनी ती पुन्हा घ्यावी लागतात. त्यासाठी त्या बालकाला दवाखान्यात परत कोणी आणायचे, हे पुष्कळदा त्याच घरावर सोपवलेले असते.