मोटारगाडी, जुनी कौटुंबिक

मोटारगाडी, जुनी कौटुंबिक : एका मालकाच्या नावे नोंदून वापरलेली व नंतर दुसऱ्या कुटुंबाने खासगी वापरासाठी विकत घेतलेली मोटारगाडी. प्रस्तुत नोंदीत अशा गाडीच्या भारतातील व्यवहाराचा आणि तीत पेट्रोल, डीझेल व वायू या इंधनांच्या एंजिनांपैकी कोणते पत्करावे या प्रश्नाचा इतिहास दिला आहे.

वापरलेली वस्तू नव्या वस्तूपेक्षा स्वस्त मिळते, हा व्यवहाराचा सामान्य नियम होय. भारतात मात्र बराच काळ तो मोटारगाडीस लागू पडला नाही. १९५३ मध्ये सरकारने देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कारखान्यांना मज्जाव करण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी येथील जुळणीचे काम बंद केले आणि प्रवासी गाड्यांचे उत्पादन मुख्यतः तीन कारखान्यांपुरते उरले : उत्तरपाडा (प. बंगाल) येथील हिंदुस्थान मोटर्स, मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासचा स्टँडर्ड कारखाना. पहिल्याची अँबॅसडर व दुसऱ्याची फियाट ११०० (१९७४ पासून प्रीमियर पद्मिनी) याच पुढे भारतीय कुटुंबाच्या गाड्या ठरल्या. उत्पादन थोडे, मागणी मोठी व किंमत सरकारने बांधलेली, अशा स्थितीत नवी गाडी मिळण्यास काही वर्षे वाट पहावी लागे. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने गाड्यांचे वाटपही नियमबद्ध केले. साहजिकच ताबडतोब हाती येणाऱ्या, थोड्याच वापरलेल्या गाडीला नव्या गाडीच्या बांधलेल्या किंमतीहून अधिक रक्कम मिळू लागली. तीतील वरचा हिस्सा बहुधा रोखीने व पावतीवाचून दिला जाई. ग्राहक येथे गाडीइतकीच वाचलेल्या प्रतीक्षेचीही किंमत मोजत असे.

या काळात एंजिनाच्या निवडीचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. फियाटचे १,०८९ घ. सेंमी.चे व अँबॅसडरचे १,४८९ घ. सेंमी.चे, अशी दोन्ही चार सिलिंडरांची पेट्रोल एंजिने होती. ग्राहकाची निवड असे ती आटोपशीर, पेट्रोल कमी पिणारी फियाट की सात-आठ माणसे सामावून घेणारी, खराब रस्त्यावर दणकट ठरणारी अँबॅसडर यांत. दोन्ही गाड्यांची रचना वर्षानुवर्षे फारशी बदलली नाही, हा टीकेचा विषय झाला. परंतु जुन्या गाडीच्या मालकास तो लाभच होता. दहा वर्षांपूर्वीच्या गाडीचे सुटे भाग नव्या गाडीच्या भागांशी जुळत आणि तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही एंजिन खोलून सिलिंडरांना बोअर मारून व नव्या रिंगा घालून ते पुन्हा चालते करी. गाडी पारखताना धुरावर भर असे : निळसर धूर दिसला, तर एंजिन तेल जाळते व मोठे काम जवळ आले, असे समजावे. तथापि जाणते लोक एंजिनापेक्षा पत्र्याकडे अधिक पहात. गंजलेला तळ बदलणे हे एंजिनाच्या कामाहून कठीण असते आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत वापरलेल्या गाडीबाबत ही सावधगिरी आजही योग्यच आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती उद्योग या सरकारी कंपनीची पहिली गाडी बाहेर पडली. तिचे ७९६ घ. सेंमी.चे तीन सिलिंडरांचे एंजिन पुढील चाके फिरवी. गाडी हलकी असल्याने ते थोड्या पेट्रोलवर भागे. आरंभीची काही वर्षे मारुतीलाही जुन्या बाजारात नव्याहून जास्त किंमत येई. मात्र उत्पादन वाढत गेले, १९९३ मध्ये प्रवासी गाड्यांवरील परवाना पद्धती रद्द झाली व त्या दशकाच्या अखेरीस नव्या गाडीसाठी रांग उरली नाही. तेव्हा कोठे जुनी गाडी वयाबरोबर स्वस्त होत जाणारी वस्तू बनली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला स्कूटरनंतर प्रथम जुनी मारुती घेणे परवडू लागले. २००१ पासून स्वतः मारुती कंपनीने तपासलेल्या जुन्या गाड्यांची विक्री सुरू केली. त्यापूर्वी हा व्यवहार सर्वस्वी दलाल, गॅरेजवाले व ओळखीपाळखीची माणसे यांच्या हाती होता.

एंजिनांची तुलना : पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटते. डीझेल एंजिनात केवळ हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच फवारलेले इंधन पेट घेते. पहिल्यात संपीडन गुणोत्तर साधारणतः ८ ते ११, तर दुसऱ्यात १५ ते २२ असते [→ अंतर्ज्वलन-एंजिन]. अधिक संपीडनामुळे डीझेल एंजिन त्याच कामासाठी कमी इंधन घेते, शिवाय एक लिटर डीझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही अधिक असते. उलट दाब सोसण्यासाठी ते जड व भक्कम करावे लागते, त्याचा पंप व फवारे सूक्ष्म मापाचे असतात आणि त्यांची दुरुस्ती महाग पडते. म्हणून पुष्कळ चालणाऱ्या गाडीस डीझेल व थोड्या चालणाऱ्या गाडीस पेट्रोल, हा जगभरचा हिशेब आहे.

भारतात हा हिशेब सरकारी किंमतींनी बदलून टाकला. शेती व मालवाहतूक यांचे इंधन म्हणून डीझेल स्वस्त ठेवण्यात आले आणि श्रीमंतांचे इंधन समजून पेट्रोलवर अधिक कर बसले. तफावत वाढू लागताच अनेकांनी जुन्या अँबॅसडरमधील पेट्रोल एंजिन काढून हलक्या व्यापारी वाहनांची डीझेल एंजिने बसविली. अशा गाड्या कंपायमान व मंद असत. तरी भाड्याने चालविणाऱ्यास त्या फायदेशीर पडत. त्या पुढे कुटुंबांकडे आल्या, तेव्हा एंजिनाचा क्रमांक नोंदणी-पुस्तकाशी न जुळल्याने अनेकदा हस्तांतर अडे. हिंदुस्थान मोटर्सने स्वतःही डीझेल अँबॅसडर काढली. मात्र डीझेल खऱ्या अर्थाने घरगुती झाले ते टाटांच्या पुण्यात तयार झालेल्या इंडिकामुळे (१९९८, १,४०५ घ. सेंमी.). त्यानंतर फियाटचे १,२४८ घ. सेंमी.चे एंजिन आले. ते पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होई व परवान्याखाली मारुतीही ते बनवी. २००७ पासून स्विफ्टमध्ये बसलेले हेच एंजिन पुढे जुन्या बाजारात सर्वाधिक परिचित डीझेल एंजिनांपैकी एक ठरले.

धोरणाचा परिणाम एका हिशेबावरून कळतो. वर्षाला ८,००० किमी. चालणारी गाडी पेट्रोलवर लिटरला १५ किमी. व तशीच गाडी डीझेलवर २० किमी. जाते असे धरल्यास पहिलीस सु. ५३३ लि. व दुसरीस ४०० लि. इंधन लागेल. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल सु. ७३ रु. व डीझेल सु. ४१ रु. होते, तेव्हा वर्षाची बचत सु. २२,५०० रुपये पडे. जून २०१० मध्ये पेट्रोलचा आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डीझेलचा भाव नियंत्रणमुक्त झाला. मार्च २०२४ मध्ये दिल्लीतील भाव अनुक्रमे सु. ९४.७० रु. व ८७.६० रु. असल्याने तीच बचत सु. १५,५०० रुपयांवर आली. मधल्या बारा वर्षांतील रुपयाची घसरण ध्यानात घेता ती निम्म्याहूनही कमी भरते व फवाऱ्यांच्या एका मोठ्या दुरुस्तीत पुरती नाहीशी होऊ शकते. म्हणजे २०१२ च्या सुमारास डीझेल गाडी घेणाऱ्याने तिच्या गुणांसाठी जितके पैसे मोजले, त्याहून अधिक किंमतींच्या तफावतीसाठी मोजले होते.

दुसरा फटका प्रदूषणाच्या नियमांचा बसला. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डीझेल गाड्या चालविण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील मनाई उचलून धरली. तेथील डीझेल गाड्या मग इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करण्यास अंतरिम स्थगिती दिली, तोवर अनेक मालकांनी आपल्या गाड्या मिळेल त्या भावाने विकल्या होत्या. एप्रिल २०२० पासूनच्या ‘भारत स्टेज ६’ मानकानंतर मारुतीने डीझेल गाड्या बनविणे थांबविले. या मानकाच्या डीझेल गाडीत काजळी अडविणारा गाळक असतो. लांब व वेगाच्या प्रवासात तो आपोआप जळून साफ होतो; शहरातल्या शाळा-बाजाराच्या फेऱ्यांत तुंबतो. शहरी कुटुंबाला अशी जुनी गाडी घेताना तिची किंमत नव्हे, तर तिच्या आधीच्या मालकाचा रस्ता विचारणे अधिक महत्त्वाचे असते.

वायूवरील गाड्या : स्वयंपाकाचा वायू गाडीत वापरण्याची चोरटी पद्धत बरीच जुनी आहे, २००० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन योग्य संचासह त्यास मार्ग मोकळा झाला. तथापि संपीडित नैसर्गिक वायूने (सीएनजी) त्याला लवकरच मागे टाकले. मुंबईत महानगर गॅस कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली आणि टॅक्सी म्हणून धावणाऱ्या हजारो पद्मिनींची मूळ पेट्रोल एंजिने या वायूवर चालू लागली. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा पूर्ण होऊन ती २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. वायूमुळे एंजिनाची शक्ती काहीशी घटते व टाकी सामानाची जागा खाते, पण किलोमीटरमागे खर्च पेट्रोलपेक्षा बराच कमी येतो. जुन्या गाडीत संच कारखान्यातला की बाहेरून बसविलेला, त्याची नोंद प्रमाणपत्रात आहे की नाही व दर तीन वर्षांनी करावयाची टाकीची दाब-चाचणी झाली आहे की नाही, हे पाहणे आवश्यक ठरते. सु. २०० बार दाबाची टाकी मागील आसनाच्या पाठीशी असते, तेथे मुले बसतात.

पेट्रोल गाड्यांपुढेही नवा प्रश्न उभा राहिला आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये सु. २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. या मिश्रणास टिकणारे रबरी व धातूचे भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून सक्तीचे झाले. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असल्याने लिटरमागे अंतर काहीसे घटते. त्यापूर्वीची गाडी निवडणाऱ्यास इंधनाच्या नळ्या व पंपाची जोडकामे तपासून घ्यावी लागतात.