नियम समिती, न्यायालयीन

नियम समिती, न्यायालयीन : दिवाणी न्यायालयांच्या कामकाजाचे नियम बदलावेत का आणि कसे, याविषयी उच्च न्यायालयाला अहवाल देणारी वैधानिक समिती. भारतात तिचा आधार १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम १२३ व १२४ हा आहे. या संहितेचे दोन भाग आहेत. मूळ कलमांना उच्च न्यायालय हात लावू शकत नाही. पहिल्या अनुसूचीतील आदेश व नियम मात्र ते कलम १२२ खाली आपल्या कार्यक्षेत्रापुरते बदलू शकते. समन्स कसे बजावायचे, कैफियत किती दिवसांत द्यायची, गैरहजेरीत झालेला हुकूमनामा कधी रद्द होतो, असे पक्षकाराच्या अंगावर येणारे बहुतेक सगळे या दुसऱ्या भागात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने हा अधिकार सढळ हाताने वापरला. १ ऑक्टोबर १९८३ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांमुळे अनेक आदेशांचा मुंबईतील पाठ देशातील पाठाहून वेगळा झाला. असा बदल करण्याआधी समितीचा अहवाल विचारात घेणे उच्च न्यायालयावर बंधनकारक आहे. म्हणून समितीत कोण बसते हा प्रश्न वाटतो तितका कारकुनी नाही.

कलम १२३ प्रमाणे सदस्य सहा : उच्च न्यायालयाचे तीन न्यायाधीश, त्याच न्यायालयात नोंद असलेले दोन वकील आणि दुय्यम दिवाणी न्यायालयाचा एक न्यायाधीश. तिघा न्यायाधीशांपैकी किमान एकाने तीन वर्षे जिल्हा न्यायाधीश म्हणून काम केलेले असावे, अशीही अट आहे. सगळ्या नेमणुका उच्च न्यायालयच करते. अध्यक्षही तेच ठरवते. ही रचना बंदिस्त आहे, पण तिच्या पोटात एक कबुली दडलेली आहे. जिल्ह्याचा अनुभव आणि दुय्यम न्यायालयाची खुर्ची सक्तीची करणाऱ्याला हे नक्की ठाऊक होते, की राजधानीच्या शहरात बसून तालुक्याचे कोर्ट कळत नाही. मूळ कायद्यात बॅरिस्टर, वकील आणि मुंबई-कलकत्ता-मद्रासपुरता अटर्नी यांना वेगवेगळ्या जागा होत्या. म्हणजे ज्याला नियमाची झळ लागते त्याला आवाज द्यावा, हे तत्त्व १९०८ सालीच मान्य झाले होते. ते वकिलीच्या पोटजातींपाशी थांबले. पक्षकारापर्यंत ते पोचलेच नाही आणि या नोंदीचा मुद्दा हाच आहे.

या उणिवेचे मोल समजायला भंडारदरा पुरेसे आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हे गाव प्रवरेवरच्या, १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणासाठी आणि अलीकडे काजव्यांसाठी मुंबईकरांना माहीत आहे. येथून न्यायाची वाट अकोल्याच्या दिवाणी न्यायालयातून संगमनेरला आणि पुढे उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जाते. कायद्याने नियम समितीचे ठिकाण मात्र मुंबई. परिसरात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. भाताची कापणी उरकली की अनेक घरे मजुरीसाठी नारायणगाव-जुन्नरच्या बाजूला उतरतात. आता समन्सच्या बजावणीविषयीचा आदेश ५ वाचावा. प्रतिवादी घरी नसेल व लवकर येण्याची चिन्हे नसतील, तर समन्स घरातील प्रौढ व्यक्तीला देता येते. १९७६ पर्यंत ही व्यक्ती पुरुषच असावी लागे, बाई चालत नसे. देण्यासारखे कोणीच नसेल तर नियम १७ प्रमाणे बेलीफ प्रत दारावर चिकटवतो. डिसेंबरात कुलूपबंद दारावर चिकटवलेला तो कागद मजूर परतेपर्यंत टिकत नाही. इकडे कैफियतीचे ३० दिवस बजावणीपासून मोजले जातात आणि न्यायालयाने मुदत वाढवायची तर ९० दिवसांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात, ही मर्यादा लवचीक ठरवली खरी. पण त्या लवचिकतेचा फायदा मागायला आधी दावा लागल्याचे कळावे लागते. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ई-मेलने बजावणी करण्याचे नियम केले. भंडारदऱ्याजवळच्या घाटघर-रतनवाडीच्या बाजूने विचार करणारा एक माणूस टेबलाशी असता, तर ई-मेलच्या आधी ‘गाव रिकामे कधी असते’ हा प्रश्न निघाला असता. यात कोणाचा दुष्टपणा नाही. ज्याच्या दारावर कधी काही चिकटवले गेले नाही, त्याला हा प्रश्न सुचत नाही, एवढेच.

म्हणून समितीत एक जागा बिगरवकिलाला हवी. यावर पहिला आक्षेप असा, की कलम १२२ प्रमाणे नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध होतो, त्यावर कोणीही हरकत घेऊ शकतो. मग वेगळी खुर्ची कशाला? उत्तर सरळ आहे. ही प्रसिद्धी राजपत्रात होते आणि राजपत्राची वाट पाहणारा शेतमजूर अजून जन्मायचा आहे. शिवाय हरकत तयार मसुद्यावर घेतली जाते. कोणता मसुदा मुळात हाती घ्यायचा हे त्याआधीच ठरून गेलेले असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : प्रक्रियेचा कायदा गुंतागुंतीचा आहे, बिगरवकिलाला तो झेपणार नाही. पण शब्दरचना करणे हे त्याचे काम नव्हेच. नियमाचा परिणाम काय होईल हे सांगणे हे त्याचे काम. इंग्लंडने १९९७च्या दिवाणी प्रक्रिया कायद्यानेच आपल्या नियम समितीत ग्राहकहिताची आणि सामान्यांना सल्ला देणाऱ्या संस्थांची जाण असलेल्या सदस्यांना जागा दिल्या. आपल्याकडेही बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि प्रत्यक्ष निर्णय देतात. निर्णय चालतो, तर अहवाल का चालू नये? न्यायालयाच्या स्वातंत्र्याला धोका, हा तिसरा आक्षेप तर टिकतच नाही : अहवाल सल्लावजा असतो, नियम उच्च न्यायालय करते आणि कलम १२६ प्रमाणे त्या नियमांना राज्य शासनाची पूर्वमान्यता आजही लागते.

खरी अडचण निवडीची आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. ओळखीचा, निवृत्त, सभ्य गृहस्थ नेमला की जागा भरते, काम होत नाही. ग्राहक आयोगांचा धडा येथे उपयोगी पडतो. २०२०च्या नियमांनी राज्य आयोगाच्या सदस्यासाठी २० आणि जिल्हा आयोगाच्या सदस्यासाठी १५ वर्षांचा अनुभव मागितला, पण लेखी परीक्षा ठेवली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्या तरतुदी रद्द केल्या. ३ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम करून पदवी व १० वर्षांचा अनुभव पुरेसा मानला, आणि दोन प्रश्नपत्रिकांची परीक्षा सक्तीची केली. नियम समितीसाठी परीक्षा हास्यास्पद ठरेल आणि पदवीची अटही नको. भंडारदऱ्याची बाजू जाणणारी अंगणवाडी सेविका तिच्यात अडकेल. उघड जाहिरात, ती तहसील व ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत, ठरावीक मुदत, प्रवासभत्ता आणि कोणत्या अनुभवावर निवड झाली याची लेखी कारणे, इतके मात्र हवे. वकिलांच्या दोन जागांनाही हाच दंडक लावावा. तालुक्यात रोज उभा राहणारा वकील त्यांत दिसला पाहिजे. यासाठी कलम १२३ बदलावे लागेल. दिवाणी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने महाराष्ट्र विधिमंडळ राष्ट्रपतींच्या संमतीने ती दुरुस्ती करू शकते; संसदेची वाट पाहण्याची गरज नाही.