यंत्राचा धनी कोण?

आम्ही नोकरीस लागलों तेव्हां महाविद्यालयांतील प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर निघत. त्या यंत्रांत कोणत्या कारखान्याची शाई घालावी, हा प्रश्न कचेरींतील कारकुनास कधीं पडला नाहीं. बाजारांत जी स्वस्त मिळे ती तो आणी. एवढ्याशा कृत्यावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत एक खटला गेला होता, हें आम्हांस पुष्कळ पुढें कळलें.

शिकागोची ए. बी. डिक कंपनी ‘मिमिओग्राफ’ नांवाचें प्रती काढण्याचें यंत्र विकत असे. स्टेन्सिलचा कागद, शाई व इतर साहित्य कंपनीचेंच वापरावें, अशी अट यंत्रावर चिकटविलेली असे. यंत्र लागतीच्या किंमतीस किंवा त्याहूनहि स्वस्त द्यावयाचें आणि नफा काढावयाचा तो शाईकागदावर, असा हा हिशेब. न्यूयॉर्कमधील एका बाईंनीं तें घेतलें, व सिडने हेन्री नांवाच्या व्यापाऱ्यानें अट ठाऊक असून त्यांस आपल्या शाईचा डबा विकला. शाईवर पेटंट नव्हतें. तरीहि १९१२ सालीं चार विरुद्ध तीन मतांनीं निकाल हेन्रीच्या विरुद्ध गेला. ज्यास यंत्र मुळींच न विकण्याचा अधिकार आहे त्यास तें अटीवर विकण्याचाहि असलाच पाहिजे, असें बहुमताचें म्हणणें.

वरवर पाहतां हा तर्क बिनतोड वाटतो. यंत्र स्वस्त मिळालें, अट आधीं वाचावयास मिळाली. मग तक्रार कसली? याचें उत्तर सरन्यायाधीश व्हाइट यांच्या भिन्नमतपत्रिकेंत आहे, आणि आमच्या मतें त्या निकालांत वाचण्याजोगें तेंच. ते म्हणतात, उद्यां पेटंट रंधा विकणारा सुतारास अमक्याच्याच रानांतील लांकूड तासावयास लावील. पेटंट भांडें विकणारा त्यांत आपल्याच दुकानची सामग्री शिजवावयास सांगेल.

१९१४ च्या क्लेटन कायद्यानें स्पर्धा मारणाऱ्या अशा अटींस आळा घातला. पुढें १९१७ सालीं वाद आला तो चित्रपटांच्या प्रक्षेपक यंत्राचा. त्यावरील पट्टींत, मोशन पिक्चर पेटंट्स कंपनीच्या परवान्याच्याच फिती दाखवाव्या, असें बजावलेलें होतें. युनिव्हर्सल कंपनीनें मात्र आपल्या फिती एका नाट्यगृहास पुरविल्या. या वेळीं न्यायालयानें डिकचा निकाल नांव घेऊन रद्द केला. पेटंट यंत्रांतील शोधाचें, त्यांतून फिरणाऱ्या फितीचें नव्हे. न्या. होम्स १९१२ च्या बहुमतांत होते. या वेळीं ते अल्पमतांत राहिले, पण आपल्या मतावरून ढळले नाहींत. प्रश्न आम्हांस वाटतो तितका सोपा नसावा.

आतां घरोघरीं प्रिंटर आले आहेत. यंत्र स्वस्त, कार्ट्रिज महाग, हिशेब डिकचाच. पट्टीच्या जागीं मात्र कार्ट्रिजवर बोटाच्या नखाहूनहि लहान चिप आली आहे. आपलीं रिकामीं कार्ट्रिजें भरून विकणारांवर लेक्समार्क कंपनीनें दावा लावला होता. २०१७ च्या मे महिन्यांत ती हरली. एकदां विकलेल्या वस्तूवर पेटंटाचा हक्क उरत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. चिपेस मात्र त्या निकालानें हात लावला नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्या टेबलावरील प्रिंटरनें परकें कार्ट्रिज ओळखून छापण्याचें साफ नाकारलें. पट्टी असती तर विकत घेण्यापूर्वीं आम्हीं निदान ती वाचली असती.